मंडळीतल्या बायकांचं ऐकून घेते, पण आता नीट शिकायचं म्हणते. कुठला कोर्स घेऊ?

वास्कोची ताई

सगळ्यांना सलाम. माहेर नगरचं. नवरा बंदरावर नोकरीला, म्हणून बारा वर्षांपूर्वी वास्कोला आले. आमची मंडळी (चर्च) लहान. मराठी उपासनेला पन्नास-साठ माणसं, तीही भाड्याच्या हॉलमध्ये. खाली टायरचं दुकान आहे आणि ते रविवारीही उघडं असतं, त्यामुळे प्रभुभोजनाच्या ऐन शांततेत कॉम्प्रेसर सुरू होतो. आता सवय झाली.

मी संडेस्कूल घेते आणि महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. उपासना संपली की खुर्च्या रचायच्या निमित्ताने कुणी ना कुणी मागे राहतं. "ताई, जरा बोलायचं होतं." एकीचा नवरा तारवटी आहे. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी, आणि तिला धास्ती आहे ती त्या तीन महिन्यांची. एकीच्या मुलाने दोन महिन्यांचा पगार मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर घालवला. मी ऐकते, हात धरते, प्रार्थना करते. इतकंच येतं मला.

गेल्या महिन्यात संडेस्कूलची एक मुलगी, वय पंधरा, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आली. बायबल उघडताना बाही वर सरकली आणि हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या. मी काहीतरी बोलले, प्रार्थना केली, आणि घरी येऊन रात्रभर जागी राहिले. आपण बोललो ते बरोबर की चूक, हेच कळेना.

म्हणून शिकायचं ठरवलंय. बी.ए. झालंय, वय छत्तीस. समोर पर्याय असे:

एका अमेरिकन सेमिनरीची (पाळक घडवणाऱ्या संस्थेची) ऑनलाइन एम.ए. 'मंडळीच्या सेवेसाठी ख्रिस्ती समुपदेशन', फी हप्त्यांनी का होईना पण साडेसात लाखांच्या घरात. आमचे पाळक म्हणतात, आधी बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) कर, बाकी मग. नवरा म्हणतो, इग्नूमधून मानसशास्त्रात एम.ए. कर, निदान सरकारी शिक्का तरी मिळेल. आणि चौथं म्हणजे, हसू नका, माझ्याकडे एक प्रमाणपत्र आधीच आहे. पणजीच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. सोनेरी किनार आहे, खाली 'प्रमाणित ख्रिस्ती समुपदेशक' असं लिहिलंय. जेवण चांगलं होतं.

यातलं काय घेऊ?

वचनधारी

ताई, पदवीने पवित्र आत्मा मिळत नाही. आमच्या आजीला सही करता येत नव्हती, पण अर्धं गाव तिच्याकडे रडायला यायचं. वचन आणि प्रार्थना पुरे आहे. साडेसात लाखांत हॉलचं वर्षाचं भाडं निघेल आणि वर उरतील.

फोंड्याचा पाळक

ताई, कोर्सचं नंतर बोलू. आधी त्या मुलीचं.

तिला पुन्हा भेटलात का? नसाल तर या आठवड्यात भेटा. एकटीला, पण दार उघडं ठेवून. आडवळणाने नको, सरळ विचारा: "मरून जावंसं वाटतं का तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं एकदाचं, म्हणून पोरं मोकळी होतात. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटी सोडू नका. बांबोळीला मेडिकल कॉलेजच्या शेजारीच मनोविकार आणि मानवी वर्तनाची सरकारी संस्था आहे, तिथे न्या. आई-वडील 'लोक काय म्हणतील' म्हणाले तरी न्या. रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६, टेलि-मानस हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत.

आणि "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन तिला देऊ नका. घरातलं किंवा बाहेरचं कुणी तिच्या अंगाला हात लावतंय असं तिने सांगितलं, तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. पाळक सुटत नाही, संडेस्कूलची बाई सुटत नाही. लपवलं तर शिक्षा आहे. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगून टाकतो: तुझं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका असला, दुसऱ्याच्या जिवाला असला, किंवा लेकराचं कुणी काही केलं असलं, तर मी गप्प बसणार नाही. हे ऐकून कुणी उठून गेल्याचं मला तरी आठवत नाही.

आता कोर्स.

वचनधारी, तुमच्या आजीला माझा सलाम. पण आजीकडे एक गोष्ट होती जी आपल्याकडे नाही. तिला घाई नव्हती.

मी बी.डी. करून आलो तेव्हा मला वाटायचं, आपल्याला बोलता येतं. पंचवीस मिनिटांचा उपदेश कागदाशिवाय द्यायचो. मग एम.टीएच.च्या, म्हणजे त्यापुढच्या पदवीच्या आधी एका मिशन इस्पितळात चार महिने काढले, वॉर्डांतून फिरून रुग्णांशी बोलायचं प्रशिक्षण. पद्धत अशी. रुग्णाशी बोलायचं, समोर काही लिहायचं नाही. खोलीवर यायचं, फुलस्केप कागदाला मधून उभी घडी घालायची. डावीकडे झालेलं बोलणं आठवेल तसं, शब्दाला शब्द. उजवीकडे, त्या त्या वाक्याला आपल्या मनात काय चाललं होतं ते. पाळकाच्या वाक्याला 'प', रुग्णाच्या वाक्याला 'र', आणि आकडा. दुसऱ्या दिवशी ते पर्यवेक्षक बाईंसमोर आणि सोबतच्या पाच जणांसमोर मोठ्याने वाचायचं.

माझा पहिला कागद अजून माझ्याकडे आहे. साखरेमुळे पाय कापलेला एक शेतकरी, जत भागातला.

र४: आता म्हशीला कोण बघणार?
प४: परमेश्वर सगळ्यांची काळजी घेतो, मामा. आपण प्रार्थना करू.

उजवी बाजू कोरी.

बाईंनी चष्मा काढला. "परमेश्वर धार काढायला येणार आहे का?" सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, उजवीकडे काही का नाही? म्हटलं, काही वाटलंच नव्हतं. "घड्याळ बघितलं होतं का?" बघितलं होतं. पाच-दहाची बस होती. "मग ते लिहा." प४ च्या समोर मी लिहिलं: बस. तो कागद एवढ्याचसाठी ठेवलाय. तीन वर्षांत ग्रीक शिकलो, हिब्रू शिकलो, पण मी प्रार्थना कशाकशासाठी वापरतो हे मला त्या एका शब्दाने कळलं. बोलणं आवरतं घ्यायला.

दुसऱ्या दिवशी म्हशीचं विचारायला गेलो. खाट रिकामी होती. घरचे सुट्टी घेऊन त्यांना गावी घेऊन गेले होते.

म्हणून कुठल्याही कोर्सचं माहितीपत्रक हातात आलं की मी मागून वाचायला लागतो. विषयांची यादी नाही, फी नाही. एकच शोधतो. खऱ्या माणसांसमोर किती तास बसवतात, आणि ते बोलणं कोण तपासतं? त्याचं उत्तर नसेल तर तो कोर्स वाचायला बरा. वाचनालयही बरं असतं.

ही पद्धत काल-परवाची नाही. १९२५ साली अँटन बॉइसन नावाच्या पाळकाने अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात सेमिनरीच्या मुलांना आणलं. ग्रंथ वाचता तसा जिवंत माणूस वाचायला शिका, हे त्याचं म्हणणं. तो स्वतः त्याच्या आधी मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आला होता, हे मला फार मोलाचं वाटतं. अजूनही तिकडे या प्रशिक्षणाचा एक टप्पा ४०० तासांचा असतो, आणि त्यातला मोठा भाग वॉर्डात जातो.

तुमच्या अमेरिकन एम.ए.बद्दल. तिकडे समुपदेशनाच्या एम.ए.चे दोन रस्ते आहेत आणि नावं इतकी सारखी की माणूस फसतो. एक परवान्याचा रस्ता. तिथली जी मान्यता देणारी मोठी संस्था आहे तिच्या नियमाप्रमाणे ६० क्रेडिट, १०० तासांचा सराव आणि वर ६०० तासांची इंटर्नशिप, सगळं देखरेखीखाली. दुसरा 'सेवेसाठी'चा रस्ता. क्रेडिट कमी, तास कमी, आणि कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही पदवी परवान्यासाठी नाही. तो वाईट असं मी म्हणत नाही. ज्या पाळकाला मंडळीतच काम करायचं आहे त्याला परवाना हवा कशाला? पण मग साडेसात लाख कशाचे, हे विचारा. आणि तुमचा सराव वास्कोत कोण तपासणार, हेही विचारा. मेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल.

शिवाय त्यांचा कल कुठला ते बघून घ्या. १९७० च्या आसपास तिकडे एक लाट आली: बायबल पुरे, मानसशास्त्र नको, दुःखाच्या मुळाशी पाप शोधा. दुसरे दोन्ही जोडून चालतात. मी दुसऱ्यांतला. बाळंतपणानंतर दोन महिने अंथरुणातून न उठणाऱ्या बाईला पश्चात्ताप करायला सांगितलेलं मी पाहिलंय. तिला डॉक्टर हवा होता.

बी.डी. तुमच्या पाळकांना का सुचते ते कळतं, सेरामपूर विद्यापीठाच्या पद्धतीत त्याशिवाय एम.टीएच.ला प्रवेश नाही. त्या एम.टीएच.मध्ये पाळकीय काळजी आणि समुपदेशन हा वेगळा विषय आहे, दोन वर्षांचा, आणि अभ्यास म्हणून उत्तम. पण छत्तीसाव्या वर्षी, पदरी संसार असताना, आधी बी.डी.ची वर्षं आणि मग ही दोन? अभिषेक घेऊन पाळक व्हायचं असेल तर जरूर करा, बायकांनी करावंच असं माझं मत आहे. खुर्च्यांपाशी थांबणाऱ्या बायकांसाठी एवढा लांबचा रस्ता नको.

नवऱ्याचं म्हणणं मला बरं वाटतं, फक्त थोडी दुरुस्ती. इग्नूत मानसशास्त्राच्या एम.ए.खेरीज समुपदेशन आणि कुटुंब-उपचाराची एम.एस्सी.ही होती, तिच्यात प्रात्यक्षिक होतं, पण २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्राचे दूरशिक्षणाचे नवे प्रवेश बंद केले. तेव्हा आता काय चालू आहे त्याची आधी चौकशी करा. मात्र अशा पदवीने 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तो रस्ताच वेगळा. समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याखाली आलेत. तेव्हा पाटी लावायची घाई करू नका.

आणि यातलं ख्रिस्ती ते कुठून आणायचं? वेल्लोर. तिथलं ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटर याच कामासाठी आहे, आणि सी.एम.सी.च्या (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या) इस्पितळात चॅप्लेन, म्हणजे इस्पितळातल्या पाळकांचं प्रशिक्षण चालतं. तारखा आणि अटी फोन करून विचारा. नवऱ्याला सुट्टी काढायला लावा, मुलं त्याच्यापाशी ठेवा. बाप आहे तो.

सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावू नका. जेवणाबद्दल वाचून आनंद झाला.

सासष्टीकार

मी कॅथलिक, घरी कोंकणी, शाळा मराठी. लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या.

पाळकबाबांच्या बोलण्यात एकच भर. आमच्याकडे लोकांचा घोटाळा होतो तो कुमसाराचा (पापकबुलीचा). कुमसारात सांगितलेलं पाद्री कुणालाच सांगू शकत नाही, जीव गेला तरी. त्यामुळे बंगल्याच्या बाल्कांवावर (ओसरीवर) बसून पाद्रीला काही सांगितलं की तेही तसंच झाकलेलं आहे, असं लोक धरून चालतात. पण ते कुमसार नव्हे, ते साधं बोलणं. मी तीन वर्षं सेमिनरीत होतो, मग सोडली (आईने अजून पुरतं माफ केलेलं नाही). तेव्हा हा फरक कुणी इतका सरळ सांगितला असता तर बरं झालं असतं.

दुसरं. पदवी नाही म्हणून ताईंनी कमीपणा वाटून घेऊ नये. आपल्याच गोव्यात सांगात या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, या विषयातलं शिक्षण नसलेल्या लोकांना शिकवून समुपदेशक केलं. सहा ते आठ भेटी, तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने जास्त गुण आला. हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. धोकादायक प्रमाणात दारू पिणाऱ्यांबरोबरही तसंच केलं, एक ते चार भेटींत. पण त्यातली खरी मेख म्हणजे भेटींचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि ते समुपदेशक एकत्र बसून एकमेकांचं ऐकून गुण द्यायचे. म्हणजे पाळकबाबांचा फुलस्केपच तो, फक्त आवाजातला.

एक अवांतर. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. दोन्ही हात पसरून बाईवर ओणवा झालेला, पर्यटक त्याला जादूगार समजून फोटो काढतात. कांदोळीचा पाद्री तो, संमोहनातला मोठा माणूस. त्याचं म्हणणं होतं की शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, समोरच्याच्या मनात असते. मी तिथून जाताना दरवेळी थांबतो. उगाच.

वास्कोची ताई

तीन दिवस काही लिहिलं नाही, कारण तिला भेटायला गेले होते.

सरळ विचारलं. 'हो' नाही म्हणाली, 'नाही'ही नाही म्हणाली. म्हणाली, "कधी कधी." आईला मीच सांगितलं, मुलीसमोर, तिला विचारून. आई आधी माझ्यावरच चिडली. मग आम्ही तिघी काल बसने बांबोळीला गेलो. झुआरीच्या पुलावर मुलगी म्हणाली, "टीचर, तुम्ही त्या दिवशी लगेच प्रार्थना केली ना, मला वाटलं तुम्हाला ऐकायचं नाहीये." मी खिडकीबाहेर बघत राहिले. पाळकसाहेब, माझी बस सापडली म्हणायची.

पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय.

अमेरिकन लोकांना मेल केला होता. उत्तर आलं: सराव 'आपल्या स्थानिक मंडळीच्या देखरेखीखाली' करायचा. म्हणजे आमचे पाळक तपासणार, आणि ते तर मलाच विचारतात की त्या तारवट्याच्या बायकोला काय सांगू. इग्नूची चौकशी चालू आहे. वेल्लोरला फोन लागला, इंग्रजीत बोलले, हिंमत करून.

आता एक अडचण. ज्यांचं मी ऐकते त्या सगळ्या रविवारी माझ्या पुढच्या-मागच्या खुर्चीवर असतात. त्या तारवट्याशी मी दर रविवारी हात जोडून 'सलाम' करते आणि मला सगळं माहीत असतं. तुम्ही काय करता?

वचनधारी

मुलीसाठी प्रार्थना करतो आहे. आजीबद्दल पाळकसाहेब म्हणाले ते खरं आहे, ती फार कमी बोलायची.

फोंड्याचा पाळक

ताई, तुम्ही तिला नेलंत. बरं वाटलं.

तुम्ही विचारलंत त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मोठ्या शहरातला समुपदेशक ओळखीच्या माणसाला घेतच नाही, दुसऱ्याकडे पाठवतो. आपण पन्नास माणसांच्या मंडळीत हे कसं पाळणार? मी दोन गोष्टी करतो. बोलायला आलेल्या बाईला आधीच विचारून ठेवतो, रविवारी भेटलो तर मी विषय काढू की नको? बहुतेक जणी 'नको' म्हणतात, मग मी काढत नाही, "बरं आहे ना?" एवढंही डोळे मिचकावून विचारत नाही. आणि नवरा-बायको दोघंही माझ्याकडे येणार असतील तर एकाला मडगावला पाठवतो. तिथे एक समुपदेशक बाई आहेत, हिंदू आहेत, आणि आमच्या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं सांभाळतात. उपदेशाच्या दिवशी मात्र त्रास होतोच. एखादं उदाहरण तोंडाशी येतं आणि तिसऱ्या रांगेत ती बसलेली दिसते. गिळतो.

मडगावच्या बाईंचा नंबर निरोपात पाठवतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी वास्कोला असतो, दुपारी तीननंतर मोकळा. तुमच्या पाळकांनाही घेऊन या, त्यांनाही हवं आहे असं दिसतंय. प्रत्येकाने एक कागद लिहून आणायचा. नाव नाही, आद्याक्षर नाही, नवऱ्याची नोकरी नाही. वास्को लहान आहे.

वास्कोची ताई

येते. दोन लिहून झालेत. माझी वाक्यं त्यांच्यापेक्षा लांब आहेत, हे मोजायच्या आधीच दिसलं. मोबाइलवर टाइप केले आहेत, चालतील ना?

फोंड्याचा पाळक

नाही. फुलस्केप. उभी घडी घालून.